फर्माईश चालू आहे, बोलू नका

दारावर लाल ओढणी टांगली आणि बाबांना बजावलं, "आता शिंकायचं पन नाई."

"शिंक काय इचारून येते काय?" बाबा म्हणाले.

लाल कापडाचा अर्थ आमच्या घरात जुना आहे. मी सातवीत आणि धाकटा भाऊ रत्नदीप पाचवीत असताना समुद्रपूरच्या ह्याच खोलीत आम्ही दर रविवारी रेडिओ चालवायचो. रेडिओ म्हणजे मामाने दिलेला टेपरेकॉर्डर आणि एकुलती एक कॅसेट. मी निवेदिका. गिरडहून अमुक, तळेगावहून तमुक, अशी फर्माईश करणाऱ्यांची नावं मनानेच ठोकून द्यायची. गाणं रत्नदीपने म्हणायचं, तबलाही त्यानेच तोंडाने वाजवायचा. कार्यक्रम संपेपर्यंत दारावर लाल फडकं, आणि ते दिसलं की घरात कुणी ब्र काढायचा नाही, हा माझा कायदा. पुढच्या रविवारी त्याच कॅसेटवर नवा कार्यक्रम, म्हणजे जुना पुसला. उरला तो फक्त शेवटचा, आणि त्यात आई गायली होती.

आई गेली तेव्हा घरात साधा बटणांचा फोन होता. तिचे फोटो चार-पाच आहेत, आवाज कुठेच नाही. ही कॅसेट गेल्या महिन्यात माळ्यावर सापडली. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कवडूने तिची फीत जोडून दिली आणि सांगितलं, "एकडाव चालन. दुसऱ्या डावाचा भरोसा नाई, फितीवरचा लेप सुटून राह्यला."

म्हणजे जे काही फोनमध्ये उतरवायचं ते ह्या एका वेळेला. मला बाबांचीच धास्ती होती. आयुष्यभर एसटीत कंडक्टर राहिलेला माणूस, कुजबुजला तरी मागच्या सीटवर ऐकू जातं. त्यांना बाहेर बसा म्हटलं, तर एकदम चिडले. "मले नाई ऐकाचं काय? तुमचीच माय होती, माही कोनी नोती?" सकाळपासून जेवलेही नव्हते. शेवटी कोपऱ्यात बसवलं.

रत्नदीपने फोन टेपजवळ ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि टेपचं बटण दाबलं.

आधी नुसती खरखर. मग माझा आवाज, चिमणीसारखा आणि भलताच तोऱ्यात. मग रत्नदीपचा तबला. फीत मधेच घसरायची, आवाज जाडा व्हायचा. तुटली तर? बाहेर भाजीवाला ओरडला. मी त्याला मनातल्या मनात शिव्या दिल्या. रत्नदीपच्या कपाळावर घाम होता.

आणि आई आली. भीमाचा पाळणा, तिच्या सवयीचा, जरा खालच्या पट्टीत. मला रडू फुटणार होतं. मी ओढणीचं टोक तोंडात कोंबलं. बाबा ताठ बसले होते.

दुसऱ्या कडव्यात दार वाजलं. टेपमधलं. आईचं गाणं थांबलं.

"आले काय जी? भाकर झाकून ठेवली हाये, जेवून घ्या."

मला आठवलं. बाबा ड्यूटीवरून आले होते, आणि मी ओठांवर बोट ठेवून त्यांच्याकडे डोळे वटारले होते. टेपमध्ये नुसती खरखर चालली होती. तेव्हाचे बाबा गप्प.

"काऊन जी, बोलून नाई राह्यले? राग आला काय?"

पुन्हा खरखर. मी कोपऱ्याकडे पाहिलं. बाबांचे ओठ हलत होते. मी घाईने बोट ओठांवर ठेवलं, अगदी तेव्हासारखं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

"नाई वं," ते टेपकडे वाकून म्हणाले, तोच कंडक्टरचा गळा. "राग नाई आला. पोरीनं बोलू नोको म्हनलं होतं."

टेपमध्ये आई हसली. कशाला हसली होती कोण जाणे. माझ्या वटारलेल्या डोळ्यांना असेल. मग खर्रकन आवाज झाला आणि चाक नुसतंच फिरू लागलं. फीत तुटली होती.

रत्नदीपने फोन उचलला. रेकॉर्डिंग कानाला लावून तपासलं. मग तो हळूच म्हणाला, "आईचा आवाज साफ आला. बाबाचं तेवढं कापता येते."

"हात तर लावून पाह्य!" मी इतक्या जोरात ओरडले की तो दचकला.

बाबा भिंतीला धरून उठले. दारावरची ओढणी काढून त्यांनी माझ्या खांद्यावर टाकली.

"चाल, भाकर वाढ," म्हणाले. "जेवाले सांगतलं तिनं."