सव्वा मूठ

त्या रविवारीही भिकन आबांच्या घरात टीव्ही मुकाच चालला होता. उभं आयुष्य कापडाच्या लूमच्या खडखडाटात गेल्यामुळे आबांच्या कानांनी कधीच राम म्हटला होता. आवाज वाढवून सगळ्या गल्लीला मालिका ऐकवण्यापेक्षा तो बंद ठेवलेला बरा, असं त्यांचं म्हणणं. ओठ वाचायची सवय कारखान्यातच लागलेली. जिथं ओठ कळायचे नाहीत तिथं ते पदरची अहिराणी भरत, आणि ती मूळच्या संवादांपेक्षा हमखास सरस निघे.

पडद्यावर एक सून नखशिखांत दागिने घालून पलंगावर झोपली होती.

"जयू," आबा म्हणाले, "हाई बाई इतलं सोनं घालीसन झोपस कशी? टोचत नही का हिले?"

जयश्री गिलकी चिरत होती. तिनं मान वर केली, ओठ त्यांना नीट दिसतील असं बघून म्हणाली, "उठल्यावर पुन्हा घालायचा कंटाळा येत असेल."

"आन तो नवरा? त्याले बरी झोप येस खणखणाटमा?"

"त्याला त्याचा पगार मिळतो, आबा."

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. आतून सरलाबाई ओरडल्या, "बापलेकीले दुसरा धंदाच नही!" हे आबांना ऐकू गेलं नाही, पण बायको काय म्हणाली असेल ते त्यांना न ऐकता कळायचं. त्यांनी हात उडवला आणि भिंतीवरच्या पालीकडे नजर वळवली.

पाल छतावरून पडत का नाही, पाण्यात फार वेळ राहिलं की बोटांनाच सुरकुत्या का येतात, पाठीला का येत नाहीत, एकाला जांभई आली की समोरच्याला का येते. आबांच्या डोक्यात दिवसभर ही भिंगरी फिरत असे, आणि प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी एकच शब्द यायचा: कसाले? जयश्री सुरतेतल्या डिंडोलीच्या मराठी शाळेत विज्ञान शिकवायची, घरात पुस्तकांची भिंत होती, त्यामुळे सगळे प्रश्न तिच्याच पदरात पडत. पालीच्या बोटांवरच्या बारीक केसांबद्दल तिनं त्यांना सांगितलं होतं, तेव्हा ते खुर्चीवर चढून पालीचे पाय बघायला गेले होते. जांभईचं मात्र तिनं त्या दिवशी सरळ सांगितलं, "नक्की कुणालाच माहीत नाही. शोधतायत अजून."

आबांना हे उत्तर फार आवडलं. "असं बोलानं," ते म्हणाले. "माहीत नही ते नही. उगाच बनाईसन सांगणारा माणूस माले आवडत नही."

मग गिलक्यांची भाजी झाली, भाकरी झाल्या, आबांनी ताकात जरा मीठ जास्त आहे म्हणून सांगितलं. दुपारी सगळे झोपले. एवढाच तो दिवस.

सोमवारी सकाळी आबा दूध घेऊन आले, पिशवी ओट्यावर ठेवली, खुर्चीत बसले, आणि उठले नाहीत.

माणूस गेल्यावर घर शांत होतं म्हणतात. जयश्रीचं घर उलट आवाजानं भरलं. कुणीतरी येऊन टीव्हीचा आवाज सुरू केला, आणि पुढचं वर्षभर तो बंद करायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. भेटायला येणारे सांगत, किती मोठ्या मनाचा माणूस! लेक परत आली तर एका शब्दानं विचारलं नाही. ते खरंच होतं. नंदुरबारला दिलेली जयश्री, तिचा संसार मोडला तेव्हा आबा स्वतः जाऊन तिला घेऊन आले होते. गाडीत बसल्यापासून सुरत येईपर्यंत त्यांनी उसापासून साखर पांढरी कशी होते ते विचारलं होतं, कारखान्याच्या चिमणीतला धूर कुठं जातो ते विचारलं होतं, आणि ती परत का येते आहे हे विचारलं नव्हतं. त्या न विचारण्यावर तिनं पुढची सगळी वर्षं काढली.

पण न विचारण्याचं दुसरंही एक रूप त्याच घरात होतं, आणि ते दर श्रावणात समोर यायचं.

भिकन आबा थोरले, म्हणून त्यांच्याकडे कुळाची कानबाई. कानबाई म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या जपलेला एक नारळ. श्रावणात त्याला नथ घालून, सजवून पाटावर बसवायचं, रात्रभर गाणी म्हणायची, सकाळी नदीवर न्हाऊ घालून परत आणायचं. खानदेश सोडून आलेल्या माणसांनी गाठोड्यात बांधून आणलेली ही देवी आता डिंडोलीच्या गल्लीगल्लीत बसते. तिचा प्रसाद तो रोट. कुळातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा सव्वा मूठ गहू आणि हरभऱ्याची डाळ सुपात टाकायची, ते दळायचं, आणि त्या पिठाचा स्वयंपाक भाऊबंदांनीच खायचा. बायकांची मूठ नसते. सुना खातात, कारण त्या कुळात आल्या. दिलेल्या लेकी खात नाहीत, कारण त्या कुळातून गेल्या.

गेलेली परत आली तर काय, हे कुणी ठरवून ठेवलेलं नव्हतं. म्हणून जयश्री गहू निवडायची, डाळ पाखडायची, चुलीपुढे उभी राहून रोट लाटायची, आणि रोट संपेपर्यंत स्वतःपुरती खिचडी टाकायची. आबा त्या दिवशी टीव्हीकडे तोंड करून, तिच्याकडे पाठ करून जेवत.

एकदा, आबांच्या धाकट्या भावाचा, निंबाकाकांचा नातू तान्हा होता तेव्हा, मुठी टाकताना आबांनी त्या बाळाच्या बोळक्यात बोट घालून विचारलं होतं, "याले दात नहीत. याना नावनी मूठ खाई कोण?" सगळं घर हसलं. जयश्री सूप धरून बसली होती. तिला वाटलं, आता पुढचा प्रश्न येणार, तिच्या मुठीचा. इतका जवळ आलेला प्रश्न या माणसाच्या हातून सुटणार कसा? आबांनी बाळाची मूठ टाकली, हात झटकले आणि गहू यंदा बारीक आहे म्हणाले.

दुःखाचं वर्ष संपलं. पुन्हा श्रावण आला, आणि निंबाकाका सुरतेबाहेरच्या कडोदऱ्याहून आले. सोबत रंजनाकाकू आणि त्यांचा मुलगा ललित. भाऊ गेला तेव्हा सगळ्यांत जास्त रडले होते ते निंबाकाकाच, हे जयश्री विसरली नव्हती.

"वहिनी, आते घरमा माणूस नही," चहा पिता पिता काका म्हणाले. "या घरनी मूठ कोना नावनी टाकशात? नारळ मी लई जास. कडोदराले मोठा हॉल शे, एसी शे. कानबाईले बी गार वाटी."

"तुम्ही आदल्या दिवशीच या बरं, ताई," रंजनाकाकू सरलाबाईंना म्हणाल्या. "काही काम करायचं नाही. पाहुण्यासारखं बसायचं नुसतं."

सून म्हणून आल्यापासून सरलाबाई जागरणाचं पहिलं गाणं उचलत आल्या होत्या. त्यांनी सूर धरल्याशिवाय गल्लीतली एक बाई तोंड उघडत नसे. जयश्रीनं त्यांच्याकडे पाहिलं. माय पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

"नारळ इथंच राहील, काका," जयश्री म्हणाली.

"आन मूठ?"

"मायची टाकू. माझी टाकू."

ललितनं कपाळावर हात मारला. "दीदी, हे तुझ्या स्कूलमधी चालतं. हे सगळं, आ बधुं, घरमां नी चाले."

"पोरी, तू दिलेली," काका समजुतीनं म्हणाले. "तुझी मूठ या घरात नाही."

"मग कुठं आहे?"

"जिथं दिली तिथं."

"तिथं दुसरी आली, काका. तिला मुलगाही झाला. त्याची मूठ पडते. माझी कुठं पडते, ते सांगा."

काकांनी बशीतला उरलेला चहा उगाच हलवला. ते दुष्ट नव्हते. शेवटी उठता उठता म्हणाले, "शनिवारी येतो. नारळ बांधून ठेवा. हां, भाऊ जाण्याआधी काही बोलून गेला असला, तर बात वेगळी. त्याचा शब्द मी मोडणार नाही."

ते गेल्यावर सरलाबाई स्वयंपाकघरात आल्या आणि दार लोटून घेतलं. "सांगी दे ना मग," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या.

"काय?"

"आबा बोलले होते म्हणून. 'माझ्यामागं मायलेकी कानबाई सांभाळतील, जयूची मूठ टाका.' त्याले कोण विचाराले जाई ऱ्हायनं? मी बी सांगसू."

"माय!"

"अशी काय बघतीस? देवी आपल्या घरात ऱ्हावी म्हणून बोललं तर पाप नही लागत."

सुटका इतकी सोपी होती. एक वाक्य, तेही खूप गोड वाक्य. आबांच्या तोंडी शोभलंही असतं. लोकांनी डोळे पुसून मान डोलावली असती. जयश्री रात्री पुस्तक उघडून बसली तरी तेच वाक्य समोर येत राहिलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की ते तिला नवं नाही. वर्षभर ती मनातल्या मनात तेच करत आली होती. शाळेत कुणी म्हणालं, तुमचे वडील किती पुढारलेले होते, की ती मान हलवायची. मनात तिनं एक आबा तयार केले होते, ज्यांनी सुपापाशी बसून तो पुढचा प्रश्न विचारला होता. हे आबा जास्त चांगले होते. फक्त ते तिचे नव्हते. तिचे आबा पाठ करून जेवणारे होते, आणि बनवून सांगणारा माणूस त्यांना आवडत नव्हता. ती वाक्य बोलली असती तर कानबाई राहिली असती, मायचं पहिलं गाणं राहिलं असतं, आणि खरा माणूस दुसऱ्यांदा गेला असता.

शनिवारी सगळे जमले. काकांनी दारातच चपला काढून हात जोडले. देवघरापुढे लाल कापडात नारळ होता, बांधलेला नव्हता. शेजारी सूप, गव्हाची पाटी, डाळीचं पातेलं. सरलाबाईंनी डोक्यावरून पदर घेतला होता आणि चेहरा असा केला होता की खोटं बोलायची तयारी दुरून ओळखू यावी.

"बोला वहिनी," काका म्हणाले. "भाऊ काही बोलला होता?"

"तसं, त्या रविवारी जेवताना…" सरलाबाईंनी सुरुवात केली.

"नाही," जयश्री म्हणाली. "आबा काही बोलले नव्हते."

सरलाबाईंनी लेकीकडे असं पाहिलं की बस. रंजनाकाकूंनी सुस्कारा सोडला. काकांचे खांदे सैल झाले, ते पुढं सरकले आणि नारळाकडे हात नेला.

जयश्रीनं त्यांच्याआधी गव्हात हात घातला. मूठ भरून वर काढली, सुपात सोडली. "ही सरलाबाईची," ती म्हणाली, आणि वरची पाव मूठ टाकली. पुन्हा हात घातला. "ही जयश्रीची."

"अगं!" काकू ओरडल्या. ललित "पप्पा, पप्पा" करत उभा राहिला.

"हात काढ," काका म्हणाले. "भाऊनं हे चालवून घेतलं असतं? सांग. सांग मला."

"नसतं घेतलं."

काका एकदम भडकले. "माहीत आहे ना? तरी? तुझा बाप इथं बसला असता, तर त्याच्या तोंडावर केलं असतंस हे? बोलली असतीस त्याच्यापुढे?"

जयश्रीची मूठ अजून मिटलेली होती. कडेनं दोन-चार गहू निसटून फरशीवर पडले. सरलाबाई वाकून ते वेचू लागल्या आणि एकेक करून सुपात टाकू लागल्या.

"आबा इथं बसायचे तेव्हा मी नाही बोलले," जयश्री म्हणाली. "आज बोलते."

तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. तो मोठा होता, दाराबाहेर गल्लीत जाईल इतका मोठा, आणि तिनं तो खाली आणला नाही.

"आबा, तुम्ही चुकलात. मी रोट लाटायची आणि तुम्ही पाठ करून जेवायचात. मला भूक लागायची, आबा. खिचडीची नाही. रोटाची लागायची."