किटलीचा कान

जयगडच्या बंदराकडे कोळशाचा ट्रक निघाला की करुणाच्या शोकेसमधली किटली चालायला लागायची. थोडी थोडीच, पण चालायची. सकाळी मागच्या काचेला टेकवून ठेवलेली बया दुपारी फळीच्या कडेला येऊन रस्त्याकडे बघत उभी. रस्ता अगदी ओटीला लागून, आणि ट्रक दिवसभर चालूच. काचेची थरथर कानावर आली की करुणा हातातलं पीठ तसंच टाकून धावायची, आणि किटली मागे सरकवून ट्रकवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

साधीसुधी किटली असती तर तिने ती केव्हाच लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत टाकली असती. पण पांढऱ्या चिनी मातीची, निळ्या फुलांची ही किटली तिच्या वडिलांनी आणलेली. ते मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होते. कुठल्या बंदरात घेतली हे त्यांनी कधी धड सांगितलं नाही. ते गेल्यावर मागे राहिलं ते एवढंच, आणि वारस दोघी: करुणा आणि कळव्याला राहणारी तिची थोरली बहीण गोदा. भांडण नको म्हणून ठरलं, एक वर्ष हिच्याकडे, एक वर्ष तिच्याकडे. मे महिन्यात गोदा गावाला आली की देवाणघेवाण. आणि ट्रंकेत कोंडायची नाही, आल्यागेल्याला दिसेल अशी मांडायची, हाही गोदाचाच हुकूम.

गेल्या मे महिन्यात किटली हातात देताना गोदा म्हणाली होती, "सांभाळ हां गो. तुझ्या दारात ट्रक नाचतात. फुटली तर बाबा दुसऱ्यांदा गेले असं समजेन मी."

आता असं बोलल्यावर माणसाने काय करायचं? किटली चिकटवायची तर खरी, पण अशी, की वर्षाने सहज निघाली पाहिजे. इथेच सगळी गोम होती. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावली, तर तिने फळीचा रंग उचलला आणि किटली सोडून दिली. मेणबत्तीचं मेण लावलं, ते थंडीत कडक होऊन टचकन सुटलं. नवरा प्रमोद पेपर वाचता वाचता म्हणाला, "तो झटक्यात चिकटणारा गोंद लाव आणि मोकळी हो."

"आणि मग ताईला काय शोकेससकट किटली देऊ?" करुणा उसळली. "तसला गोंद या घरात आणायचा नाही, सांगून ठेवते."

शेवटी तिने मोबाइलवरून पांढऱ्या रबरासारखी एक चिकट पुटी मागवली. मोठमोठ्या संग्रहालयांत म्हणे भूकंपातही वस्तू याच्यावर उभ्या राहतात, आणि हलकेच पिळलं की निघतात. पहिल्या खेपेला ती पुटी किटलीला चिकटलीच नाही, फळीवरच्या लाल धुळीला चिकटली. ओटीवर बसून सासरे काशीराम, म्हणजे तात्या, हे सगळं बघत होते. न विचारता सल्ला देण्यात तात्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता.

"फणसाचा चीक लाव. आमच्या आयशीन फुटलेल्या बरण्या चिकानं जोडल्यान."

"तात्या, किटली आहे ती. चीक लावून पोपट नाही धरायचा आपल्याला!"

करुणाने फळी घासूनपुसून कोरडी केली, पुटी पुन्हा लावली, आणि चमत्कार झाला. ट्रक गेले, काचा वाजल्या, किटली जागची हलली नाही. तिने लगेच गोदाला फोन करून सुनावलं, "ये बघायला. डोंगरासारखी उभी आहे."

पलीकडून गोदा नुसतं "बरं" म्हणाली. करुणाला वाटलं, जळली.

गोदा यायच्या दिवशी सकाळी करुणाने किटली काढायला घेतली. हलकेच पिळली. हलेना. जोर लावला, तरी हलेना. खाली वाकून बघते तर बुडाशी पांढरी पुटी नव्हतीच. तपकिरी, चिवट कडं होतं. चीक! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तात्या!"

तात्या ओटीवर बरका फणस फोडत बसले होते. बाजूला हाताला लावायच्या खोबरेलाची वाटी. करुणाने ती वाटी उचलली. चीक पाण्याला दाद देत नाही, तेलाला देतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिने किटलीच्या बुडाशी तेल सोडलं, कानावरून ओघळ गेला तर जाऊ दिला, थोडी वाट पाहिली आणि कान धरून पिळलं. किटली सुटली. कानही सुटला. किटली डाव्या हातात, कान उजव्या हातात.

कानाच्या तुटक्या टोकांना तोच तपकिरी चीक होता.

तात्या दारात येऊन उभे होते. "तुझं ता रबर टिकेलसं वाटलं नाय गो मला. म्हटलं, काढून चीक लावूया, पडेल बिचारीच्या बापाची वस्तू. कान धरून ओढली. अशी घट्ट बसली होती ती! कान आला, किटली नाय आली. मग सुरी घालून सोडवली."

म्हणजे टेप हरली, मेण हरलं, आणि जे एकदाचं टिकलं त्यानेच घात केला! रडावं की तात्यांवर फणस फेकावा, करुणाला कळेना. ताईचं वाक्य तेवढं डोक्यात वाजत होतं. बाबा दुसऱ्यांदा गेले.

हाताला काहीतरी काम हवं म्हणून ती किटलीवरचं तेल फडक्याने पुसू लागली. वर्षभर फुटायच्या भीतीने तिने ती कधी हातात घेऊन नीट बघितलीच नव्हती. पुसता पुसता बोट अडलं. तोटीच्या मुळाशी केसाएवढी चकचकीत रेघ होती. तिने तेल चोळलं, रेघ ढिली झाली नाही.

"तोटीपण तुम्हीच तोडलीत?"

"गळ्याशपथ नाय! मी कानच तोडला," तात्यांनी चष्मा सावरून बघितलं. "आणि ह्यो चीक नाय. ह्यो बाजारचा गोंद."

बाजारचा गोंद तर या घरात आलाच नव्हता. करुणाला सगळं लख्ख दिसलं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून! फुटकी किटली हातात देऊन वर "सांभाळ हां गो"! तिचा राग तात्यांवरून उठला आणि थेट फाटकापाशी जाऊन उभा राहिला.

गोदा आली ती पिशव्या सांभाळत, घामाघूम. करुणाने किटली टेबलावर मधोमध ठेवली होती, तुटका कान समोर, अगदी डोळ्यांत भरेल असा. गोदाने कानाकडे पाहिलंच नाही. तिची नजर सरळ तोटीवर गेली.

"कान तात्यांनी तोडला," करुणा म्हणाली. "तोटीचं तू सांग."

गोदा पिशव्यांसकट खुर्चीत बसली. "पुसताना नळावर आपटली गो. तुला सांगायचं म्हणून गेल्या वर्षी येतानाच ठरवलं होतं, पण तोंडातून भलतंच निघालं. वर्षभर वाटत होतं, तुझ्याकडे पडून तिचा चुरा होईल तर बरं." एवढं बोलून ती रडायला लागली.

करुणाने भांडायची केवढी तयारी केली होती, ती सगळी फुकट गेली. चीड गेली नव्हती, पण फेकायला माणूस उरलं नव्हतं. "रडू नको," ती चिडूनच म्हणाली. "या वर्षी कोणाकडे राहायची ते बोल."

"तुझ्याकडेच राहू दे," गोदाने नाक पुसलं. "तुझ्याकडे तात्या आहेत जोडायला."

ओटीवरून तात्या खाकरले. तेवढ्यात रस्त्यावरून ट्रक गेला, शोकेसच्या काचा वाजल्या, टेबल थरथरलं, आणि दोघी बहिणींचे हात एकदमच त्या फुटक्या किटलीवर पडले.