बुडख्याचा घेर

"खुंटी इथेच बसणार," टेपताई म्हणाली आणि तिनं हातोडी उचलली.

त्या भागातली जंगलं आणि शेतं मिळून किती कार्बन धरून आहेत, याचा अंदाज काढण्यासाठी ती टेपनं झाडं मोजायची, म्हणून लोक तिला टेपताई म्हणत. नकाशावर ठिपका एकदा पडला की दर काही वर्षांनी तिथेच जायचं, खुंटी ठोकायची आणि तिच्या भोवतालचं प्रत्येक झाड मोजायचं. हा ठिपका तिच्या भावाच्या शेतात होता. मागच्या खेपेला इथे आईनं लावलेली जांभळं उभी होती. आता सगळं नांगरलेलं.

"खुंटी ओढ्याकडे घे. तिकडे दाट झाडी आहे," भाऊ म्हणाला. "चार पावलांनी कुणाचं काय बिघडतंय?"

"ठिपका तिकडे नाही, दादा."

"अगं, वृक्ष समितीचा अध्यक्ष आहे मी. झाडं वाढवा म्हणून घसा कोरडा करतो. लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"तोडताना नाही सुचलं हे?"

"ट्रॅक्टर वळत नव्हता."

"मग तसंच सांग गावाला. मी खोटं मोजणार नाही."

भावाचा चेहरा उतरला, मग कठोर झाला. "ठोक तर मग. पण या घराची पायरी पुन्हा चढायची नाही."

आई गेल्यापासून तिला माहेर म्हणजे हा एक भाऊच उरला होता. रडू येत होतं, पण त्याहून जास्त राग येत होता. तिनं खुंटी ठोकली. भाऊ तरातरा घरात गेला.

बांधालगत पेंढ्याचा ढीग होता. उगाच कोण इथे पेंढा टाकेल? तिनं तो पायानं सारला. खाली सगळ्यात जुन्या जांभळाचा बुडखा निघाला. बुडखेही मोजायचे असतात. मेलेलं लाकूडही कार्बन धरून राहतं.

एरवी शेताचा मालक टेपचं टोक धरतो. आज कोणी नव्हतं. ती जमिनीवर पालथी झाली, टेपचं टोक गालानं बुडख्याशी दाबून धरलं आणि दोन्ही हातांनी बुडख्याला मिठी घातली. लहानपणीही या झाडाला तिचे हात पुरत नसत. मोठ्या कष्टानं टेप पलीकडून फिरवून आणली.

मोजणाऱ्यानं आकडा मोठ्यानं सांगायचा आणि दुसऱ्यानं तो परत म्हणायचा, म्हणजे चूक होत नाही, अशी कामाची रीत. मागच्या खेपेला भावानंच म्हटले होते सगळे आकडे.

तिनं घराकडे तोंड करून आकडा सांगितला. दाराआड सावली हलली, पण आवाज आला नाही.

ती अंगाची माती न झटकता उभी राहिली आणि तोच आकडा, आणखी मोठ्यानं, तिनं स्वतःच परत म्हटला.