आबांचे वरचे दात

उजेड पहिल्यांदा समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीवर आला. टाकीच्या काळ्या, गोल कडेवर तो बराच वेळ नुसता टेकून राहिला, घरी कुणी वाट पाहत नसलेल्या माणसासारखा. मग वाळत घातलेल्या एका टॉवेलाची कड पिवळी करत तो भिंतीवरून खाली घसरला, गल्लीच्या टोकाकडून तिरपा आत शिरला आणि अलीकडच्या गॅलरीत, कठड्याच्या गजांमधून, फरशीवर पट्ट्यापट्ट्यांनी पसरला. त्यात विशेष काही नव्हतं. दिवाळी सरल्यावर धाराशिवात रोज सकाळी येतो तसाच तो होता; किंचित गार, किंचित धुळकट, कुणाच्या तरी बंबाच्या धुराचा वास लागलेला. पट्ट्या सरकत सरकत दारातल्या चपलांच्या दोन जोडांवरून गेल्या आणि उंबऱ्यात उकिडवे बसलेल्या धुळाप्पांच्या उघड्या तोंडात उजेड शिरला.

धुळाप्पांनी डाव्या हातात लेकाचा दाढीचा आरसा धरला होता आणि उजव्या अंगठ्यानं वरचा ओठ उलटा केला होता, मेंढराचा करतात तसा.

“टोप्या जाग्यावर हैत,” ते म्हणाले.

“असणारच, आबा. आज त्याच काढून दात बसवायचे आहेत.” वैजनाथनं चहाचा कप त्यांच्याजवळ ठेवला. “रात्री झोप लागली का?”

“मला लागली.”

वैजनाथ आत गेला. त्यानं सदरा बदलला, केस विंचरले, आणि पुन्हा आधीचाच सदरा घातला. पाटबंधारे खात्याच्या कचेरीत तो लिपिक होता. तिथं त्याचा आवाज फारसा कुणी ऐकलेला नव्हता. पण गेले काही महिने या एका विषयावर तो आपण होऊन बोलू लागला होता. जबड्याच्या हाडात टायटॅनियमचे बारीक स्क्रू बसवतात, त्यांवर टोप्या लावतात, हाड हळूहळू त्यांना स्वतःचंच समजून धरून ठेवतं, आणि मग त्यावर पक्के दात चढतात, हे त्यानं टेबलाशेजारच्या माणसाला इतक्या तन्मयतेनं सांगितलं होतं, की त्या माणसानं चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं होतं.

हाडानं स्क्रू धरेपर्यंत आबांना अधूनमधून तपासणीसाठी यावं लागे. सोनारीकडच्या रानातून ते एसटीनं येत, दोन रात्री राहत आणि जात. त्या दिवसांत वैजनाथनं खोलीत दुसरी उशी आणली, दुसरं ताट आणलं. ते येणार असले की तो सकाळीच खानावळीत सांगून ठेवी, आज डबा दोघांचा. हे सांगताना त्याचा आवाज जरा मोठा होई.

आज आबा त्याला उत्तर देणार होते. मेंढरांचा वाडा, म्हणजे कळप, कुत्री, घोडी आणि बरोबरची बिऱ्हाडं, आपल्या चुलतभावाच्या, गुंडाप्पाच्या हवाली करून त्यांनी कायमचं इथं राहायला यावं, असं वैजनाथनं उन्हाळ्यापासून धरून ठेवलं होतं. आई त्याच्या लहानपणीच गेलेली. आबांचा रक्तदाब वाढलेला. थंडीत सीना नदीच्या काठी उघड्यावर झोपायचं हे वय नव्हे. इथं दवाखाना जवळ, पाणी नळाला. कारणं सगळी चोख होती आणि तो ती क्रमानं सांगे. आबा ऐकून घेत आणि म्हणत, “दात बसू दे. बसल्यावर सांगतो.”

डॉक्टर शिवप्रिया यांच्या दवाखान्यात आबांना आता सगळे ओळखत होते. त्याला कारण पहिल्या दिवशी घडलेला प्रकार. डॉक्टरांनी पेनाएवढा कॅमेरा तोंडात फिरवला होता आणि समोरच्या पडद्यावर आबांना आपलंच तोंड दिसलं होतं, जन्मात पहिल्यांदा. बाजारात हजारो मेंढरांचे ओठ उलटून दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेलं असं वय क्षणात सांगणारा हा माणूस पडद्याकडे बघतच राहिला होता.

“हे कुणाचं हो, डॉक्टरबाई?”

“तुमचंच, आबा.”

“मग कसायाला द्या. बाजारात कुणी घ्यायचं न्हाय हे.”

दवाखाना हसला होता. खरा घोळ पुढेच झाला. समोरचे खालचे आणि वरचे असे दोन्हीकडचे दात बसवायचे, असं डॉक्टरांनी सांगताच आबांनी हात आडवा धरला होता.

“खालचे बसवा. वरचे कशाला?”

“म्हणजे?”

“मेंढराला वरचे पुढचे दात असतात व्हय? नुसती हिरडी असती. जन्मभर चरतंय, जाडजूड हुतंय, काय अडतंय त्याचं? उगं खर्चात पडू नका.”

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. “आबा, तुमच्या मुलाचं नाव काय?”

आबांनी नाव घेतलं. पहिलं अक्षर ओठांतूनच फुसकन निसटून गेलं. त्यांनी पुन्हा घेतलं, पुन्हा तसंच.

“वरचे दात नाहीत ना, म्हणून खालचा ओठ टेकायला जागा नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “मेंढराला कुणाला हाक मारायची नसते.”

आबांनी बोटानं वरची हिरडी चाचपली होती. मग म्हणाले होते, “बसवा मग वरचे.”

आज ते खुर्चीत मान टाकून पडले होते. वैजनाथ पायांशी उभा होता. त्याला बसायला सांगितलं होतं, पण बसवत नव्हतं. साच्यावर चढवलेले दात निळ्या डबीत होते. मागच्या खेपेला डॉक्टरांनी तोंडात कसलाही लगदा न भरता नुसती एक कांडी फिरवली होती आणि पडद्यावर एकेक हिरडी, एकेक टोपी, ओल्या मातीतून उगवावी तशी उभी राहिली होती. तिथंच, पडद्यावरच, त्यांनी दात घडवले, मग यंत्रानं ते झिर्कोनियाच्या ठोकळ्यातून कोरून काढले. रंग मात्र आबांनी निवडला होता. पांढरेशुभ्र नमुने त्यांनी बाजूला सारले होते: “हे आदत, दूधदात्या वासराचे. लोक म्हणतील, म्हाताऱ्यानं चोरून आणल्यात.”

टोप्या निघाल्या. दात बसले. डॉक्टरांच्या हातातला छोटा पाना खट् असा वाजला, पुन्हा खट्. निळ्या कागदाची पट्टी दातांमध्ये धरून डॉक्टर म्हणाल्या, “चावा. घासा. परत चावा.” जिथं निळा डाग जास्त उमटला तिथं त्यांनी केसभर घासलं. पुन्हा कागद. पुन्हा घासणं.

“आता बोला, आबा.”

आबांनी जीभ आतून फिरवली. एकदा, दोनदा. नव्या घरात शिरलेला माणूस भिंतींवरून हात फिरवतो तशी. मग ते म्हणाले, “वैजू.”

शब्द स्वच्छ आला. वैजनाथला एकदम हसू फुटलं, मोठं, आवाज करत. त्या खोलीत असं कोण हसलं म्हणून त्यानंच मागं वळून पाहिलं.

“परत म्हणा,” तो म्हणाला.

“वैजू. वैजनाथ. वांगं. वावर. वरवंटा.” आबा आता थांबेनात. “आई येडेश्वरी! व्हय व्हय! बगा डॉक्टरबाई, सगळं येतंय की!”

स्क्रूंवरची भोकं बुजवायचा मसाला निळ्या दिव्याखाली कडक करून झाला, तेव्हा डॉक्टरांचं लक्ष वैजनाथकडे गेलं. मघाशी तो हसताना त्यांनी काहीतरी पाहिलं असावं. “तुम्हीही बसा जरा. कॅमेरा इथंच आहे.”

“नको, मला काही त्रास नाही.”

“बस की,” आबा म्हणाले. “मी बसलो न्हाय व्हय?”

आबांनी खुर्ची सोडली, तो बसला. कॅमेरा फिरला. पडद्यावर त्याचे दात आले. पांढरे, रांगेत, आणि टोकं सपाट, कुणी कानसीनं घासल्यासारखी.

“तुम्ही झोपेत दात खाता,” डॉक्टर म्हणाल्या.

“नाही.”

“खातो,” आबा म्हणाले. “रातभर. म्या ऐकतो की. पयल्या खेपेला वाटलं, उंदीर हाय.”

“कसला ताण आहे का?”

“कचेरीतलं थोडं असतं. मार्च जवळ आला की.”

“मार्चला अजून अवकाश आहे,” डॉक्टर सौम्यपणे म्हणाल्या.

आबा पडद्याजवळ गेले. चेहरा अगदी जवळ नेऊन त्यांनी लेकाचं तोंड निरखलं, बाजारात निरखतात तसं, घाई न करता. मग पडद्यावरची नजर न काढताच ते डॉक्टरांना सांगू लागले.

“कळपातनं काढून एकलं बांधलं की मेंढरू खुंटा चावतंय. चारा समोर असतोय, पाणी असतंय. पोटाला कमी न्हाय, काय न्हाय. तरी चावतंय.”

“मग काय करता?”

“काय करायचं? दुसरं एक आणून शेजारी बांधायचं.”

डॉक्टर हसल्या. “माझ्याकडे तो उपाय नाही. रात्री दातांवर घालायची पट्टी देते करून. दात तरी वाचतील.”

वैजनाथ कागदी रुमालानं तोंड पुसत होता. तोंड कोरडं होऊन बराच वेळ झाला तरी पुसत होता. निघताना त्यानं विचारलं, “आबांना पुन्हा कधी आणू?”

“सहा महिन्यांनी. साफसफाईला.”

“पुढच्या आठवड्यात एकदा दाखवायला नको का? किंवा पंधरा दिवसांनी?”

“गरज नाही. छान बसलेत. सुरुवातीला जरा हळू चावा म्हणजे झालं.”

“पण खबरदारी म्हणून…”

“वैजू,” आबा म्हणाले, “डॉक्टरबाई न्हाय म्हणत्यात.”

बसस्थानकावर परंड्याची गाडी लागायला वेळ होता. गुंडाप्पाच्या घरच्या धुरपताबाईंनी फडक्यात बांधून दिलेल्या कडक भाकरी आणि शेंगांची चटणी आबांनी मांडीवर सोडली. चार महिने ते भाकरी दुधात कुस्करून खात होते. त्यांनी एक पापुद्र्यासारखी भाकरी दोन्ही हातांत धरली, पुढच्या दातांत घातली, डोळे मिटले आणि चावली. कडाड् असा आवाज झाला. शेजारच्या बाकावरच्या बाईनं दचकून पाहिलं.

“ऐकलं का?” आबांनी तिलाच विचारलं.

“ऐकलं की!” ती म्हणाली. “नवे दिसत्यात.”

“लई नवे. अजून घाम पण न्हाय आला त्यांना.”

ती पदर तोंडाला लावून हसली. आबांनी तिला एक भाकरी दिली, वैजनाथला एक दिली. काही वेळ तिघंही कडाकडा चावत राहिले आणि त्या आवाजात बोलण्याची गरज उरली नाही. वैजनाथला वाटलं, हे असंच चालू राहावं. मग फलाटावर गाडी लागली. कंडक्टर पाटी बदलू लागला.

“आबा, तुम्ही सांगतो म्हणाला होतात.”

“व्हय.” आबांनी फडकं झटकून त्याची घडी घातली. मिशीवरचा चटणीचा कण बोटानं टिपून तोंडात घातला. “परवा वाडा सीनेकडं सरकणार. रानं मोकळी झाल्यात. माझं औषध गुंडाप्पाच्या घोडीवरच्या पिशवीत असतं, धुरपता रोज ध्यान करून देती. थंडीचं म्हणशील तर म्या आईच्या पोटातनं उघड्यावरच पडलोय. आता दात बी आलं.”

“पण तुमच्या तब्येतीला…”

“माझ्या तब्येतीसाठी ऱ्हा म्हणत असशील, तर जातो म्या.” ते उभे राहिले. काठी उचलली. पण गाडीकडे वळले नाहीत. लेकाच्या समोरच, त्याच्या तोंडाकडे बघत थांबले. “दुसरं काही असंल तर सांग. काठी ठिवतो खाली.”

कंडक्टरनं घंटी वाजवली. शेजारची बाई पिशवी सावरत चढली आणि दारातून म्हणाली, “चला की, मामा, जागा धरू का?”

“धर,” आबा म्हणाले. पण हलले नाहीत.

वैजनाथनं तोंड उघडलं. नळाचं पाणी, जवळचा दवाखाना, रक्तदाब, सगळी कारणं नेहमीच्या क्रमानं जिभेवर आली. त्यानं ती तशीच आत राहू दिली. हातातल्या भाकरीचा तुकडा मुठीत मोडला, त्याचा चुरा बोटांमधून फलाटावर पडला. इंजिन सुरू झालं. त्याच्या आवाजात ऐकू जावं म्हणून त्याला मोठ्यानं बोलावं लागलं.

“आबा, मला एकट्याला करमत न्हाय.”