सात नंबरचे बूट

“सात,” गिरीशराव म्हणाले. “हिचा नंबर सात. माप घ्यायची काही गरज नाही.”

पण दुकानातली बाई ऐकेल तर ना! डोना तिचं नाव, साठीच्या पुढची, चष्मा कपाळावर चढवलेला. तिनं मृणालिनीबाईंना खुर्चीवर बसवलं, आपण खाली बसकण मारली आणि पाऊल मोजायची लोखंडी पट्टी पुढे सरकवली.

“बाबा, लेट हर डू इट ना,” ज्ञानदा म्हणाली. “आई, मोजे काढ.”

पोर्तुगालला जाणारा महाराष्ट्र मंडळाच्या बायकांचा ग्रुप ठरला होता. नवरे वर्ज्य! एक जागा उरली होती आणि ग्रुप जमवणाऱ्या हिमानीनं सकाळीच फोन करून बजावलं होतं, पाचपर्यंत कळव, नाहीतर दुसरीला देते. मृणालिनीबाईंचं उत्तर नेहमीचंच, “माझ्यानं चालवत नाही गं, उगाच तुम्हाला अडकवीन.” लेकीनं मग दोघांना गाडीत घालून शिकागोजवळच्या या मॉलमध्ये आणलं. एकदा धड बूट घालून बघ, मग काय ते नाही म्हण.

डोनानं पट्टीचा खटका बोटांना टेकवला. “साडेआठ,” ती म्हणाली. “तेही रुंद.”

गिरीशराव मोठ्यानं हसले. उभा जन्म पंपांच्या कारखान्यात गेलेला, इंचाच्या हजाराव्या भागाची चूक पकडून भल्याभल्यांना घाम फोडलेला माणूस. त्यांना कोण माप शिकवणार? पट्टी बिघडलीय, पुन्हा बघा, म्हणाले. डोनानं निमूटपणे पुन्हा मोजलं, मग दुसराही पाय मोजला. साडेआठ ते साडेआठच.

“वयानं पाय पसरतो ना?” त्यांनी इंग्रजीत विचारलं.

“पसरतो. अर्धा नंबर,” डोना म्हणाली आणि तिनं बाईंच्या बोटांकडे पाहिलं. करंगळी शेजारच्या बोटाखाली दबून आडवी झाली होती. अंगठ्याशी हाड वर आलं होतं. ती हळूच म्हणाली, “हे पाय फार वर्षं कोंडून ठेवलेले आहेत.”

आता हे गिरीशरावांना झोंबलं, कारण बायकोचे बूट हे त्यांचं खातं होतं. दिवाळी पाडव्याला मृणालिनीबाई ओवाळायच्या, आणि बाकीचे नवरे तबकात अंगठ्या-कुड्या टाकायचे तेव्हा हे उत्तम चामड्याच्या बुटांचा खोका ठेवायचे. काळे किंवा तपकिरी, नंबर सात. सोनं काय तिजोरीत पडून राहतं, बूट रोज बायकोच्या अंगाला लागतात, असं ते चारचौघांत ऐकवायचे. एकेचाळीस पाडवे झाले, एकही चुकला नव्हता.

ते बायकोकडे वळले. त्यांना वाटलं होतं, तीही आपल्यासारखीच चक्रावली असेल. पण मृणालिनीबाई शांतपणे आपल्या उघड्या पावलांकडे बघत बसल्या होत्या. त्यांना नवल म्हणून वाटलेलं नव्हतं.

“मृणाल, तुला माहीत होतं?”

“होतं. मग विसरले.”

“विसरलीस? स्वतःच्या पायाचं माप कुणी विसरतं?”

“अहो, हळू बोला, दुकान आहे हे.” त्यांनी लेकीकडे एकदा पाहिलं. “लग्न झाल्यावर पंधरा दिवसांत तुम्ही इकडे आलात. माझा व्हिसा व्हायचा होता. तुम्ही पत्रात लिहिलंत, इथे बर्फ असतं, बूट घेऊन ठेवतो, कागदावर पाऊल काढून पाठव. आठवतं?”

न आठवायला काय झालं? तो कागद पाकिटात घालून ते गावातल्या पहिल्या मोठ्या दुकानात गेले होते. विक्रेत्यानं कागदावरून नंबर काढला होता, सात.

“आम्ही मिरजेच्या घरी ओसरीवर कागद अंथरला. आत्या पेन्सिल घेऊन बसली आणि म्हणाली, अगं बाई, हे पाऊल आहे की पाट? जावई काय म्हणतील! बोटं घे आत. मी घेतली आत. तिनं काढलं पाऊल.”

ज्ञानदाच्या तोंडाचा आ तसाच राहिला. “आई! आर यू सीरियस?”

“अगं, तेवीस वर्षांची होते मी. नवऱ्यानं पुरतं पाहिलंसुद्धा नव्हतं मला. पहिलं काय पाठवायचं, तर एवढालं थोराड पाऊल?”

“पण विमानतळावर मी विचारलं होतं तुला,” गिरीशरावांचा आवाज चढला. “जानेवारीचा बर्फ पडत होता. मी खाली बसून बूट चढवले तुझ्या पायांत. बरोबर बसले का म्हणून विचारलं. अगदी बरोबर, म्हणालीस!”

“तुमचं तोंड बघायला हवं होतं तुम्ही तेव्हा!” मृणालिनीबाई हसल्या. “पहिल्या पगारातले बूट. लहान मुलासारखे बघत होतात. कशी सांगणार मी चावतात म्हणून? म्हटलं, पुढच्या वेळी सांगू. तर पुढच्या वेळी तुम्ही तबकात ठेवलेत. पाडव्याची ओवाळणी, अहो, ती कुणी परत करतं का? मग सवय झाली. वाटायला लागलं, माझे पायच नाजूक.”

“आणि नोकरीत? सव्वीस वर्षं लायब्ररीत उभी राहायचीस ना?”

“बसायचे. काउंटरखाली बूट काढून.”

हे मात्र गिरीशरावांना भलतंच लागलं. त्यांच्या डोळ्यांपुढे एकेक बाक यायला लागला. नायगाराचा बाक. ग्रँड कॅन्यनच्या पार्किंगमधला बाक. यलोस्टोनमध्ये तर ती गाडीतून उतरलीच नव्हती. दर वेळी ते म्हणायचे, “तू बस इथे, मी जरा टोकापर्यंत जाऊन येतो.” आणि यायचे ते भरभरून बोलत, फोटो दाखवत, वर चिडवत, काय बाई तू, एवढ्या लांब येऊन बाकावर बसायला तुझ्या पायांना काय धाड भरलीय! ती हसायची. अख्खी अमेरिका त्यांनी एकट्यानं पाहिली होती, आणि तिला बाकावर बसवणारे बूट त्यांनी स्वतः, कौतुकानं, खोक्याला रिबीन बांधून आणले होते.

“मला एकदा तरी सांगायचंस गं,” ते म्हणाले. त्यांना भयंकर राग आला होता, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं.

“तुम्ही एकदा तरी पाय बघायचे होतेत,” त्या म्हणाल्या. रागानं नाही, सहज म्हणाल्या.

तेवढ्यात डोना तीन खोके घेऊन आली. काळे, करडे आणि मोरपंखी. वजनाला हलके, पुढून ऐसपैस, तळवा मऊ. मृणालिनीबाईंचा हात थेट मोरपंखीवर गेला. या वयात हा रंग, असं गिरीशरावांच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी मुकाट्यानं गिळलं.

डोनानं नाड्या बांधल्या. मृणालिनीबाई उभ्या राहिल्या. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं आणि थबकल्या. चेहरा घाबराघुबरा झाला.

“काय झालं? दुखतंय?” ज्ञानदा पुढे धावली.

“अगं, काहीच होत नाहीये,” त्या म्हणाल्या. “पायात काही आहे असं वाटतच नाही. माणसं असं चालतात होय?” आणि इतका वेळ कोरड्या असलेल्या त्यांच्या डोळ्यांना दुकानात, सगळ्यांदेखत, धार लागली.

मग हिमानीला फोन त्यांनीच केला. पाचाला दहा कमी होते. “येते गं मी,” एवढंच बोलल्या.

ज्ञानदा गाडी आणायला गेली. मॉलच्या लांबलचक रस्त्यात एक बाक होता. गिरीशरावांचा गुडघा गेल्या वर्षी बदललेला, तासभर उभं राहून तो ठणकायला लागला होता. मृणालिनीबाईंनी त्यांना हाताला धरून बसवलं आणि जुन्या बुटांची पिशवी मांडीवर ठेवली.

“तुम्ही बसा इथे,” त्या म्हणाल्या. “मी जरा टोकापर्यंत जाऊन येते.”

आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानातही नव्हतं. त्या निघाल्यासुद्धा. आधी जपून, मग भराभर, मग हात हलवत, एखाद्या शाळेच्या पोरीसारख्या.

गिरीशरावांनी पिशवीत हात घातला. गेल्या पाडव्याचे बूट, वरून अजून नव्यासारखे चकचकीत. त्यांनी आत बोटं सरकवली. पुढे, जिथे करंगळी येते तिथे, अस्तर पार फाटलं होतं.

बूट मांडीवर घेऊन ते बसून राहिले. मोरपंखी ठिपके बारीक होत होत मॉलच्या पार टोकाला पोचले, तिथे क्षणभर थांबले, आणि परत न वळता डावीकडे, पुढे गेले.