आधी मला उठू द्या

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. मोहाडीत बाजाराच्या मागे रुचिता मॅडमचा संगणकवर्ग आहे, तिथल्या कोपऱ्यात मी बसतो. माझा आवाज पिठाच्या चक्कीसारखा आहे, पण त्यावरून नाक मुरडू नका.

खोलीतल्या बाकीच्या एकाही संगणकाच्या पोटात डिस्क नव्हती; सगळे साठवलेले माझ्याच डिस्कवर. बटण दाबले की तो रिकाम्या डोक्याने जागा व्हायचा आणि तारेवरून हाक द्यायचा, "मी कोण? मी काय करू?" मी त्याला त्याचा पत्ता सांगायचो. मग त्याला चालवणारी प्रणाली घासाघासाने भरवायचो. घास पोचल्याची खूण आली, तरच पुढचा. शिवाय मला स्वतःला उठायलाही वेळ लागायचा. म्हणून मॅडमची शिस्त होती: आधी मला चालू करायचे, चहा मांडायचा, आणि चहा पिऊन झाला की बाकीची बटणे एकेक करून दाबायची. तो चहा मला कधी मिळाला नाही, पण तेवढा वेळ माझ्यासाठी फार मोलाचा होता.

टंकलेखनाच्या परीक्षेच्या दिवशी ही शिस्त मोडली. पेपरच्या तोंडावर लाइट गेली आणि लगेच आली. मॅडम दारात ओळखपत्रे बघत होत्या. मदतीला आलेले त्यांचे दीर अमर म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. त्यांनी धडाधड सगळीच बटणे दाबली.

मी एकाएकी विझलो होतो. त्यामुळे उठताना आधी माझी डिस्क तपासणे भाग होते. तेवढ्यात चहूकडून हाका सुरू झाल्या. मला त्या ऐकू येत होत्या, पण तोंड उघडेना. थोडा वेळ हाका मारून एकेक संगणक गप्प पडला. पडदे काळेच राहिले.

पहिल्या बाकावर आंबागडची कामिनी होती. ती एका कचेरीत तात्पुरती लागली होती आणि या परीक्षेचा दाखला मिळाला तरच तिची जागा टिकणार होती.

"मॅडम, उशीर झाला तं पेपरात घेत नाही म्हणतेत," ती म्हणाली. "माह्यी जागा जाते मंग."

माझा जीव तुटत होता.

"हा जुना डबाच अटकला, वहिनी. याले बंद करून चालू करतो," म्हणत अमरनी माझ्या बटणावर बोट ठेवले. मी हादरलो. तपासणी अर्धी असताना वीज तुटली असती, तर डिस्क बिघडून त्या दिवशी कोणीच उठले नसते.

"हात नका लावू, भाऊजी," मॅडम म्हणाल्या. "त्याचा दिवा लुकलुकून राहिला. तो उठून राहिला."

"पण टाइम जाऊन राहिला ना."

"जाऊ द्या. पहिले तो उठते, मंग त्याचे लेकरं."

बोलल्या खऱ्या, पण त्याही घड्याळ बघत होत्या. कामिनी घड्याळाकडे बघायचे सोडून माझ्या दिव्याकडे बघत बसली.

शेवटी दिवा स्थिर झाला. मॅडमनी कामिनीचाच संगणक आधी पुन्हा चालू केला. हाक आली. मी पत्ता सांगितला. घास, खूण. घास, खूण. पडदा उजळला आणि प्रवेशाची वेळ संपत आली असताना कामिनी पेपरात शिरली. मागोमाग एकेक करून बाकीचेही वेळेत उठले.

कामिनीला दाखला मिळाला, तिची जागा टिकली. आता वर्गात नवे संगणक आले आहेत. ते आपले आपण जागे होतात, मला विचारत नाहीत. पहिल्या बाकावरचा जुना संगणक तेवढा अजून माझ्या भरवशावर आहे. त्याच्यासाठी अमर रोज सकाळी मला चालू करतात आणि स्वतः चहा मांडतात.

मित्रांनो, तुमच्याकडेही असा एखादा जुना असेल. त्याच्या जाळीवरची धूळ पुसा, त्याची तार ओढू नका. आणि उत्तर द्यायला वेळ लागला, म्हणून त्याला तुमची हाक ऐकूच येत नाही असे समजू नका.