दारातली माझी खुर्ची

आमच्या वेतकामाच्या कारखान्यात दारातली खुर्ची माझी. टोपली विणून झाली की तिच्या अंगावर बारीक कुसं राहतात, ती बर्नरच्या ज्योतीवरून फिरवून जाळावी लागतात. हात जरा रेंगाळला तर टोपली काळी, जरा घाई झाली तर गिऱ्हाइकाच्या बोटात कूस. हे काम मी कुणाच्या हाती दिलेलं नाही. शिवाय दारात बसलं की कोण कधी उगवलं, कोण जेवायला म्हणून गेलं आणि तिकडेच आडवं झालं, हे न विचारता कळतं. शाळेत मी अक्षरओळखीपुरती गेले. माणसं वाचायला शिकले ती त्या दारात.

तर ही खुर्ची माझ्या सुनेच्या डोळ्यांत खुपायला लागली.

पलीकडच्या गल्लीतला गाद्यांचा कारखाना जळला. माणसं वाचली, पण नुसत्या भिंती उरल्या. त्यानंतर सूनबाई अग्निशमनवाल्यांच्या शिबिराला जाऊन आली. गेली ती सून, आली ती साहेब. गळ्यात शिट्टी. भिंतीवर आग विझवायचं लाल नळकांडं लागलं, वेताचा कचरा रोजच्या रोज उचलायचा ठरला. तिथवर मी ऐकून घेतलं, कचरा मलाही आवडत नाही. मग तिने हळूच विषय काढला.

"आई, बाहेर पडायला दार एकच. त्याच दारात तुम्ही, आणि तुमच्यापुढे पेटता बर्नर. आग लागली तर आम्ही जायचं कुठून?"

"आग लागल्यावर मी काय खुर्चीत बसून टोपल्या भाजणार आहे?"

मुलाकडे पाहिलं, तर तो वेताच्या जुड्या बांधत बसलेला. आई आणि बायकोचं काही निघालं की त्याला कामाचा उमाळा येतो. शेवटी सराव करायचं ठरलं. शिट्टी वाजली की सगळ्यांनी अंगणात यायचं. खुर्चीची अडचण झाली तर खुर्ची हलेल, नाही झाली तर सूनबाई पुन्हा तो विषय काढणार नाही. मी बिनधास्त होते. माझ्या खुर्चीच्या बाजूने माणूस आरामात जातो. बर्नरही चालूच ठेवला. खोट्या आगीसाठी खरा बर्नर कोण विझवतो?

शिट्टी वाजली. पण वेत विणणाऱ्याचा हात शिट्टीचं ऐकत नाही. काठ वळताना टोपली सोडली की केलेलं सगळं सैल पडतं, म्हणून आमच्याकडे पहिला धडा एकच, काही झालं तरी काठ सोडायचा नाही. सगळे उठले आणि आपापली टोपली उराशी धरून दाराकडे निघाले. चहूबाजूंना वेताच्या लांब काड्या, जसा काही साळिंदरांचा कळप. पुढे जाऊबाई. त्यांच्या मागे त्यांचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी. ते कपडे ठेवायचे उंच हारे विणतात, आणि तेही हाऱ्याच्या आत उभे राहून. हाऱ्याला बूड शेवटी लागतं, त्यामुळे ते हारा कमरेला धरून तसेच चालत आले आणि दारात अडकले. खुर्चीच्या बाजूने माणूस जातो, हारा जात नाही.

मागच्यांनी रेटलं. जाऊबाईंची काडी माझ्या अंबाड्यात घुसली, मी वाकले, बर्नर कलंडला आणि शेजारच्या चळतीतली टोपली पेटली. एका अंगाला जाळ, दुसऱ्या अंगाला दीर, मध्ये मी. उठायला जागा नाही.

त्यातही भाऊजी म्हणाले, "वहिनी, जरा सरकता का? काठ बिघडतोय."

सूनबाई शिट्टीवर शिट्टी फुंकत होती. कुणी टोपली सोडेना. मग मीच आवाज चढवला.

"ठेवा खाली! काठ गेला खड्ड्यात!"

माझ्या तोंडून असलं कुणी कधी ऐकलं नव्हतं. सगळ्या टोपल्या एकदम जमिनीवर. भाऊजींच्या हातून हारा सुटला, ते त्यातून पाय काढून मोकळे झाले. सूनबाईने गॅस बंद केला, भिजत घातलेल्या वेतावरचं ओलं पोतं ओढून पेटत्या टोपलीवर टाकलं आणि माझा दंड धरून मला बाहेर आणलं.

अंगणात जाऊबाई नवऱ्याच्या हाऱ्याला बोल लावत होत्या. सूनबाई मात्र गप्प. बोलली असती तर मी दोन सुनावल्या असत्या. तिच्या गप्प बसण्यानेच माझी पंचाईत केली.

मी मुलाला म्हटलं, खुर्ची बाहेर आण. अंगणाच्या पलीकडच्या छपराखाली ठेव, बर्नरही तिकडेच लाव. तिथून दार दिसतं, आणि रस्ताही दिसतो. म्हणजे जागा वाढलीच की माझी.

सूनबाईने गळ्यातली शिट्टी काढून खिशात घातली. पुढच्या वेळी तुम्हीच ओरडा, म्हणाली.

पुढच्या सरावाला माझ्या एका हाकेसरशी सगळे रिकाम्या हाताने अंगणात. भाऊजीसुद्धा. राहिली ती सूनबाई. एकेकाला पुढे घालत ती दारातच उभी, शेवटचं माणूस बाहेर पडेपर्यंत हलेना. मी चारचौघांत तिला झापलं, दारात उभी राहू नकोस, वाट अडते.

ऐकेल असं वाटत नाही.